ब्याण्णववर अडकलेला काटा

अगं, रात्री साडेअकराला मेसेज टाकायचा, "ताई, तीन आठवडे झाले, काटा ९२ वरून हलत नाही, माझी सर्जरी फेल गेली का गं?" आणि सकाळी सातला रुसून बसायचं की ताईने उत्तरच नाही दिलं! मेसेजमध्ये मावणारं उत्तर नव्हतं बाई. म्हणून सविस्तर लिहितेय. चहा घेऊन बस. बिस्किटं डब्यातच राहू दे, त्यांच्याबद्दल मला पुढे बोलायचंय.

आधी हिशेब करू. होळीनंतर तुझी पोट लहान करायची स्लीव्ह सर्जरी झाली तेव्हा तू ११८ किलो होतीस. आता श्रावण चालू आहे आणि तू ९२ आहेस. पाच महिन्यांत २६ किलो गेले, म्हणजे मूळ वजनाचे २२ टक्के. मधुमेहाची गोळी अर्ध्यावर आली. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या माहेरचा तो उभा जिना तू आता मध्ये न टेकता चढतेस. तुझं घोरणं थांबल्यापासून आमच्या जावईबापूंनाही झोप लागते म्हणे. काटा तीन आठवडे थांबला म्हणून हे सगळं परत गेलं का? नाही ना? मग ते 'फेल' आधी तोंडातून काढ.

तुझी पंचाईत अशी झालीय की मोबाइलवर तुला आधीचा फोटो दिसतो आणि एकदम नंतरचा. मधले महिने कोण दाखवतंय? ऑपरेशननंतरचं वजन कुणाचंच सरळ रेषेत उतरत नाही. काही आठवडे भराभर उतरतं, मग आडवं चालतं, एखाद्या आठवड्यात उगाच अर्धा किलो वरही जातं, आणि एक दिवस सकाळी अचानक दीड किलो कमी दिसतं. आणि असा एक थांबा तू आधीच पार केलायस, विसरलीस का? ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या आठवड्यात तू आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होतीस, तोच.

तेव्हा काय झालं होतं सांगते. आपलं शरीर यकृतात आणि स्नायूंत थोडी साखर ग्लायकोजेनच्या रूपात राखून ठेवतं, सगळी मिळून साधारण अर्धा किलो. तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत जवळजवळ तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. ऑपरेशननंतर नुसत्या पातळ आहारावर असताना हा साठा आधी संपतो, धरलेलं पाणी सुटतं आणि काटा धावत खाली येतो. पुढे तू खिमट, मऊ वरण घ्यायला लागलीस, साठा थोडा भरला, पाणी परत आलं. आत चरबी कमी होतच होती, पण पाण्याने ती वजाबाकी झाकून टाकली. हे इतक्या जणांना होतं की परदेशातल्या पेशंटांनी त्याला 'तिसऱ्या आठवड्याचा थांबा' असं नावच देऊन टाकलंय.

आताचा थांबा मात्र नुसत्या पाण्याचा नाही. गोलबाजारातून आपण दुबराज तांदळाचं २५ किलोचं पोतं आणतो ना, तसं एक पोतं मार्चपर्यंत तू चोवीस तास अंगावर वागवत होतीस. जिना चढताना, भांडी लावताना, ऑफिसात बसल्या जागीसुद्धा. झोपेतही हृदय त्या पोत्याला रक्त पुरवत होतं. आता ते उतरलंय, तेव्हा तीच सगळी कामं करायला तुझ्या शरीराला कमी ऊर्जा लागते. मे महिन्यात जेवढं खाऊन तू आठवड्याला सव्वा किलो उतरत होतीस, तेवढंच खाऊन ऑगस्टमध्ये तेवढी उतरणार नाहीस. हे साधं गणित आहे, यात तुझा गुन्हा काही नाही.

त्यात भर म्हणजे शरीर कंजूष होतं. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं तेव्हा, १९४४-४५ साली, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धात बंदूक धरायला नकार दिलेली पोरं ती, या प्रयोगाला आपणहून आली होती. त्यांचं वजन जवळजवळ पाव हिश्शाने घटलं. पण स्वस्थ पडून असताना शरीर जेवढी ऊर्जा जाळतं, ती घटली सुमारे ४० टक्क्यांनी. म्हणजे वजन जेवढं उतरलं त्याहून जास्त काटकसर शरीराने केली. हातपाय गार पडायचे, पायांवर सूज यायची, त्या सुजेतलं पाणी काट्यावर वजन म्हणून दिसायचं. चिडचिड तर विचारू नकोस. आणि त्यांतले काही जण दिवसभर पाककृतींची पुस्तकं चाळत बसायचे. रात्री साडेअकराला मिसळीचे रील बघणारी एक बाई माझ्याही ओळखीत आहे.

तुझ्याकडे त्या पोरांपेक्षा एक गोष्ट जास्तीची आहे. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, आणि भूक लागल्याचा निरोप मेंदूला देणारं घ्रेलिन मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होतं. म्हणून तुला पूर्वीसारखी खाखा सुटत नाही. पण शरीराची काटकसर ऑपरेशनने संपत नाही. उपास घडतोय असं त्याला वाटलं की ते मुठी आवळतं.

आणि इथेच मी तुला रागावणार आहे. परवा फोनवर तू मोठ्या अभिमानाने सांगितलंस, "ताई, मी रात्रीचं जेवणच बंद केलंय. ताक आणि पपई, बस." अगं, काटा अडला म्हणून ताट अजून रिकामं करायचं? हा जो पहिला विचार मनात येतो ना, तोच घात करतो. तुझं जेवण आधीच मूठभर आहे. त्यातून रात्रीचं गेलं की प्रथिनं जातात. प्रथिनं अपुरी पडली की शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून खातं. आणि स्नायू म्हणजे तर बसल्या जागी ऊर्जा जाळणारा भाग. तो कमी झाला की रोजची गरज अजून खाली येते, आणि पुढच्या महिन्यात तुझी पपईसुद्धा जास्त ठरायला लागेल. ऑपरेशननंतर तिसऱ्या महिन्यापासून केस गळतात, ते बहुतेकींचे गळतात आणि पुढे परत येतात. पण प्रथिनं आणि लोह कमी पडलं तर ते गळणं लांबतं. बाथरूमच्या जाळीतले केस पाहून रडतेस आणि रात्री अंडं नको म्हणतेस, हे कसं जमायचं?

बहुतेक डॉक्टर दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं सांगतात. तुझ्या कागदावरही तोच आकडा असणार, काढून बघ. आपल्या घरांत वरण म्हणजे प्रथिनं अशी एक गोड समजूत आहे. पण आपल्या पातळ वरणाच्या वाटीतून चार-पाच ग्रॅमच्या वर काही हाती लागत नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, रोहूच्या शंभर ग्रॅम मांसात जवळपास तेवढीच. आणि सोयाबीनची बडी! ज्या बडीला तू लहानपणी 'रबर' म्हणून ताटाबाहेर काढायचीस, तिच्या कोरड्या तीस ग्रॅममध्ये पंधरा ग्रॅम आहेत. भिजव, पिळ, बारीक चिरून कांदा-टमाट्यावर परत, छान खिमा होतो.

पण मला विचारशील तर रायपुरात राहणाऱ्या बाईने बफौरी सोडून पावडरच्या डब्यामागे धावू नये. चणाडाळ रात्री भिजवायची, सकाळी जाडसर वाटायची, त्यात कांदा, हिरवी मिरची, आलं, कोथिंबीर, ओवा आणि मीठ घालायचं, लहान गोळे करून इडलीपात्रात वाफवायचे. भज्यांची चव आणि तेल जवळजवळ नाही. छत्तीसगढी घरांत हे पिढ्यान् पिढ्या करतात आणि आपण मराठी लोक इथे भोसल्यांच्या काळापासून राहून अजून साबुदाणेवड्यालाच चिकटून आहोत! दोन-तीन बफौऱ्या, घट्ट दही, सावकाश चावून. पावडर वाईट असते असं मी म्हणत नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी दिली असेल तर घे, पण दात आहेत तोवर चावून खाल्लेलं पोटात जास्त वेळ टिकतं.

ताटातला क्रम बदलून बघ. आधी प्रथिनं, मग भाजी. लालभाजी घे, चेचभाजी घे, आता पावसाळ्यात इथल्या बाजारात काय नाही मिळत! भात शेवटी, जागा उरली तर दोन घास. धानाच्या कटोऱ्यात राहून भाताला शेवटी बसवायचं जिवावर येतं, मला माहीत आहे. जेवताना पाणी नको, आणि जेवणानंतर अर्धा तास तरी नको. बाकी दिवसभर मात्र घोट घोट करत दीड-दोन लिटर झालंच पाहिजे. उन्हाळ्यात पारा ४५ ला टेकला तेव्हा तू बाटली घेऊन फिरायचीस. आता पाऊस पडतोय म्हणून बाटली कपाटात गेली, खरं ना? पाणी कमी, मग पोट साफ नाही, मग काटा वर. त्या अर्ध्या किलोला चरबी समजून तू रडत बसतेस.

आता बिस्किटं. ऑपरेशननंतर छोटं झालेलं पोट कशाला अडवतं? चावून चावून गिळलेल्या घट्ट अन्नाला. पोळी, पनीर, कोंबडी, बफौरी, यांनी पाच-सहा घासांत पोट भरतं. पण चहात बुडवलेलं बिस्किट, शेव, मुर्रा, पातळ पोह्यांचा चिवडा, आइस्क्रीम, हे सगळं तोंडातच विरतं आणि त्या अरुंद वाटेतून न अडता खाली निघून जातं. पोट भरल्याची खूणच उमटत नाही. ऑफिसात मिक्श्चरचा पुडा ड्रॉवरमध्ये आणि दर तासाला चिमूट, असं केलंस तर जेवणं तीनच दिसतात आणि तोंड मात्र दहा वेळा चालतं. लबाडी करतेस असं नाही म्हणत मी. एक आठवडा जे जे तोंडात गेलं ते लिही, मुलांच्या ताटातलं उरलेलंसुद्धा, आणि मग मला दाखव. कुणाला दाखवायचं नसेल तर स्वतः वाच. तेवढ्यानेही अर्धं काम होतं.

बोरे बासीबद्दल तू विचारलं होतंस. भात रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी कांद्याबरोबर खाणं उन्हाळ्यात किती थंड वाटतं! २०२२ मध्ये तर इथल्या सरकारने १ मेला बोरे बासी दिवसच साजरा केला होता. शेतात राबणाऱ्या माणसाचं ते अन्न आहे आणि त्याच्यासाठी उत्तम आहे. तुझ्यासाठी तो मऊ भात आहे, पाण्याबरोबर सरकन उतरणारा आणि प्रथिनं फारशी नसलेला. वर्षातून एकदा हौस म्हणून दोन चमचे घे, रोजचा नाश्ता नको. रविवारच्या पोहे-जिलेबीचंही तेच. पोहे दोन चमचे, सोबत उकडलेलं अंडं, आणि जिलेबी नवऱ्याच्या ताटात.

काट्याचं म्हणशील तर तो रोज पाहणं बंद कर. आठवड्यातून एकदा, एकाच वारी, सकाळी, पोट साफ झाल्यावर. पाळीच्या आधीच्या आठवड्यात वजन करूच नकोस, तेव्हा अंगात पाणी धरलेलं असतं. पापड-लोणच्याच्या दुसऱ्या दिवशीही नको. आणि काट्याशिवाय दुसरी मापं ठेव. तुझ्या बांगड्या! मार्चमध्ये तुला २-८ लागायच्या. परवा गोलबाजारात कासारणीने २-६ चढवल्या आणि त्याही सैल होत्या, तेव्हा मी बघत होते. पंडरीत शिवायला टाकलेले ब्लाउज दोनदा आत घ्यावे लागले. कमरेला टेप लाव आणि महिन्याला आकडा लिही. काटा थांबलेला असताना कंबर दीड-दोन इंच कमी झालेली मी कितीतरी जणींची पाहिलीय. तुझ्याकडे भांडी घासायला येते तिने काटा पाहिलेला नाही, तरी ती परवा म्हणालीच ना, "दीदी, अब्बड दुबरा गे हव!"

तेलीबांधा तलावाच्या फेऱ्या चालू ठेव, पण सकाळी. संध्याकाळी तिथे चालायला जागा नसते आणि खाण्याच्या वासांनी जीव हैराण होतो. फक्त एक सांगू? पाच महिने तू एकाच चालीने तेवढ्याच फेऱ्या घालतेस, त्या आता तुझ्या शरीराच्या अंगवळणी पडल्यात. थोडं भरभर चाल, मध्ये दोन मिनिटं बोलता येणार नाही इतकं. आणि आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना ताण दे. जिमची भीती वाटत असेल तर घरीच: खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठ-बस, भिंतीला टेकून जोर, दोन किलोची डंबेल्स. आधी सर्जनांना विचारून घे, पोटावरच्या टाक्यांचं त्यांना माहीत. माझं मत विचारशील तर थांबलेलं वजन हलवण्यात चालण्यापेक्षा हे जास्त कामाला येतं, कारण ते स्नायू राखतं. आणि श्रावणात आहेस, मंगळागौरीला बोलावणं आलं तर कोपऱ्यात बसून उखाणे ऐकू नकोस. फुगडी घाल, झिम्मा खेळ, पिंगा घाल. गेल्या वर्षी तुला धाप लागायची म्हणून तू फोटो काढायचं काम मागून घेतलं होतंस.

हो, तिथे बायका बोलतील. चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळात गेलीस की एक तरी काकू गाठेलच. "किती राहिलं आता?" "थांबलं वाटतं?" "आम्ही तर बाई घरचं खाऊन-चालूनच कमी केलं, असले शॉर्टकट नाही केले." १९३५ पासूनचं मंडळ आहे, तेवढ्या वर्षांत काकूंचा हा सूर काही बदललेला नाही, बदलणारही नाही. तू हसून म्हण, "नितीन गडकरींना विचारा." नागपूरचं नाव काढलं की आपल्याकडे सगळ्या गप्प होतात, निम्म्या जणींचं माहेर तिथलं. गडकरींनी २०११ मध्ये, पक्षाचे अध्यक्ष असताना, मुंबईत बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरी करून घेतली आणि लपवली नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत उज्जैनच्या सभेत त्यांनी तिथल्या खासदाराला सांगितलं की तुम्ही जितके किलो वजन कमी कराल तितके हजार कोटी रस्त्यांना देईन. आणि आपलं वजन पूर्वी १३५ किलो होतं, आता ९३ आहे, हेही तिथेच सांगितलं. आपल्याला किलोमागे कुणी दमडी देणार नाही, ते सोड. मला त्यातलं दुसरंच महत्त्वाचं वाटतं. ऑपरेशननंतर दहा वर्षं उलटून गेली होती, माणूस ९३ वर होता आणि ते खुशीत सांगत होता. ७० का नाही झालं, असं त्यांना कुणी विचारलं नाही.

तुझ्याशी खरं बोलायचं ते यावरच. तुझ्या कपाटाच्या दारावर लग्नातला फोटो चिकटवलाय आणि खाली पेनाने ५८ लिहिलंय, ते मी पाहिलंय. तो आकडा काढ. स्लीव्हनंतर वर्ष-दीड वर्षात बहुतेकांचं मूळ वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के वजन कमी होतं. तुझ्या बाबतीत ११८ वरून साधारण ८८ ते ८३. कुणाचं त्याहून जास्त उतरतं, कुणाचं कमी. म्हणजे तुझा अजून बराच रस्ता शिल्लक आहे, पण तो ५८ पर्यंत जात नाही. हे ऐकून तुला राग येईल. येऊ दे. ५८ ची वाट बघत बसलीस तर ८५ ला पोचल्याचा आनंद कधी होणारच नाही, आणि ८५ ला तुझी साखर, रक्तदाब, गुडघे सगळे सुखात असतील.

आणि तो शेवटचा थांबा येईल ना, तो मोडायचा नसतो, राखायचा असतो. स्वीडनमध्ये १९८७ पासून एक मोठा अभ्यास चालला, ऑपरेशन केलेले दोन हजारांवर आणि न केलेले तितकेच लोक, वर्षानुवर्षं पाहिलेले. त्यांतल्या पोटाचा बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटलं, मग थोडं थोडं वर आलं, आणि दहा वर्षांनी घट २५ टक्क्यांवर स्थिर होती. ऑपरेशन न केलेल्यांचं वजन इतक्या वर्षांत जवळजवळ होतं तिथेच राहिलं. आणि ऑपरेशन केलेल्या गटात मृत्यूही कमी झाले. म्हणजे थोडं परत येणं हे बहुतेकांना होतं. माझंही ऑपरेशननंतर दुसऱ्या वर्षी सगळ्यात खाली गेलं, मग जरा वर आलं आणि तिथेच बसलंय. मी त्याच्याशी भांडत नाही. तीन-चार किलोंनी वर गेलं की मात्र वही काढते.

"पोट परत मोठं झालं का?" हा प्रश्न तू दोनदा विचारलास. काळाबरोबर स्लीव्ह थोडी सैलावते, सगळ्यांचीच. पण पाच महिन्यांत एकदा जास्त खाल्लं म्हणून ती फुगत नाही. वजन थांबण्यामागे बहुतेक वेळा खाण्याचा ढंग आणि शरीराचं गणित असतं. शंकाच आली तर दुर्बिणीतून किंवा औषध पाजून एक्स-रे काढून डॉक्टर बघतात. तुला आत्ता त्याची गरज दिसत नाही. वजन उतरवायच्या इंजेक्शनांचंही तसंच. २०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोवी आपल्याकडे आली आणि तेव्हापासून जो तो त्यांच्याच गोष्टी करतो. ऑपरेशननंतर वजन खरंच अडलं किंवा बरंच परत आलं तर काही डॉक्टर ती देतात, आणि त्यात काही कमीपणाही नाही. पण अजून वजन उतरण्याच्या पहिल्या वर्षात असलेल्या तुझ्यासारखीने मैत्रिणीच्या सांगण्यावरून ती टोचून घ्यायची नाहीत. तुझी भूक आधीच कमी आहे. ती अजून मारलीस तर प्रथिनं कुठून येणार?

डॉक्टरांकडे मात्र जा, आणि काट्याचं रडगाणं घेऊन जाऊ नकोस, वही घेऊन जा. काय खाल्लं, किती पाणी, पाळी कधी आली, पोट कसं आहे, कोणत्या गोळ्या चालू आहेत. रक्त तपासायला सांग: हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, थायरॉईड, तीन महिन्यांची साखर. थायरॉईड मंद झालं असेल तर पपई खाऊन काही होणार नाही, गोळीच लागेल. कॅल्शियम आणि लोहाची गोळी तू एकाच घोटात घेतेस, मी बघितलंय. त्यात दोन तासांचं अंतर ठेव, नाहीतर लोह अंगी लागत नाही. आणि तुझी पाळी कितीतरी दिवसांनी नियमित झालीय, म्हणजे बीजही तयार होत असणार. वजन उतरतं तशी तुझ्यासारख्या पीसीओएसवाल्यांना दिवस जाण्याची शक्यता वाढते, आणि डॉक्टर वर्ष-दीड वर्ष तरी थांबायला सांगतात. जावईबापूंशी हे नीट बोल. लाजू नकोस. पाळी चुकली तर "वजन वाढलं" म्हणून उपास करायच्या आधी तपासणी कर.

एक गोष्ट मात्र वहीत लिहून थांबायची नाही. सतत उलट्या होत असतील, काही पोटात टिकत नसेल, पायांना मुंग्या येत असतील, चालताना तोल जात असेल, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना. अशात बी-१ जीवनसत्त्व संपतं आणि मेंदूला इजा होते. शौचाला काळी होणं, पोटात जोराची कळ, ताप, यांनाही तोच नियम. अशा वेळी भराभर वजन उतरलं तर खूश व्हायचं नाही.

आणि हो, हरतालिका जवळ आली. इथल्या तीजा सणाचाही तोच दिवस, म्हणजे तुझ्या सासरी निर्जळीचं बोलणं निघणारच. तुझ्या पोटात एका वेळी अर्धा पेलाही पाणी मावत नाही, दिवसभराचं राहिलेलं पाणी तू रात्री भरून काढू शकत नाहीस. निर्जळी करायची नाही. पूजा कर, वाळूचं लिंग कर, जागरणाला गाणी म्हण, पण घोट घोट पाणी आणि दूध-दही चालू ठेव. साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस पुढे आला तर पनीरचे चार तुकडे घे आणि उठ. दुसऱ्या दिवशी घरोघरी ठेठरी-खुरमीची ताटं फिरतील, एक ठेठरी मोडून खा आणि ताट पुढे सरकव. सासूबाई ऐकणार नाहीत असं तुला वाटतं ना? त्यांना मी फोन करते. त्या माझं ऐकतात, माझ्या पुरणपोळीची कृती अजून त्यांना हवीय.